४० लिटर खारं पाणी: हर्मिट, झोआ आणि मश्रूम

मीठपाणी

खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीबद्दल इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि उत्तरं भलत्याच धाग्यांत पडून राहतात, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी पुण्यात राहते. टाकी ४० लिटरची, हॉलमध्ये, ऊन येणार नाही अशा भिंतीला. आत निळ्या पायांचे छोटे हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे), आणि दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ व त्यांचे भाऊबंद: झोआ, लाल डिस्कोसोमा मश्रूम आणि एक लेदर. मासा एकच, छोटा गोबी.

सगळ्यात आधी कायदा, कारण दुकानातल्या निळ्या उजेडाखाली तो कुणालाच आठवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. अ‍ॅक्रोपोरा, ब्रेन, हॅमर, टॉर्च, सगळे त्यातच आले. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही त्याच यादीत आहेत. वाघही याच अनुसूचीत आहे, यावरून गांभीर्य लक्षात यावं. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडासुद्धा यातून सुटत नाही. त्यामुळे ‘डेकोरेशनचा दगड’ म्हणून तो कुणी दिला तरी घेऊ नका. दुकानात उघड विकायला ठेवलंय म्हणजे ते चालतं, असं समजू नये. माझ्या टाकीत दगडी सांगाडा असलेलं काहीही नाही. झोआ आणि मश्रूमचे फ्रॅग (वसाहतीचे कापलेले तुकडे) ओळखीतल्या लोकांच्या टाक्यांत वाढलेल्या वसाहतींतून आलेत, आणि माझेही तसेच पुढे जातात.

आता पाणी. लहान टाकी सोपी, हा समज डोक्यातून काढून टाका. ४०० लिटरच्या टाकीत एक खेकडा दगडाआड मेला तर पाणी ते पचवतं. ४० लिटरमध्ये दुसऱ्या दिवशी अमोनिया दिसतो. बाष्पीभवनाचंही तेच. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ३५ क्षारतेच्या (हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ) ४० लिटरमधून २ लिटर उडाले की क्षारता जवळजवळ ३७ होते. आमच्याकडे एप्रिलमध्ये पंखा लावल्यावर दोन-तीन दिवसांत एवढं सहज उडतं. म्हणून टाकीच्या काचेवर बाहेरून एक रेघ मारून ठेवा आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडं पाणी घाला. नवीन लोक इथे हमखास खारं पाणी घालतात आणि क्षारता चढत जाते. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मोजतो. काटा हलणारे प्लास्टिकचे हायड्रोमीटर बुडबुडा अडकला तरी चुकीचा आकडा दाखवतात. रिफ्रॅक्टोमीटर ३५ क्षारतेच्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्यायचा. गोड्या पाण्यावर शून्य आलं म्हणजे ३५ ला बरोबर येईलच असं नाही.

दगड सिरॅमिकचे सच्छिद्र, वाळू अ‍ॅरागोनाइटची. जांभा कोकणात फुकट मिळतो आणि भोकं भोकं असतात म्हणून काहींना मोह होतो, पण त्यात लोह भरपूर असतं आणि शेवाळाला तेच हवं असतं. बाटलीतले जिवाणू घातले तरी महिना-दीड महिना टाकी रिकामीच चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकले, दगडांवर तपकिरी आणि मग हिरवा थर आला, की मग पहिले हर्मिट. त्यांना खायला काहीतरी असायला हवं ना.

दर आठवड्याला ४ लिटर पाणी बदलते. दगडी प्रवाळ नसल्यामुळे कॅल्शियम वगैरे वेगळं घालावं लागत नाही. या जिवांना लागतं तेवढं नव्या मिठातून मिळतं. क्षारीयता (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, क्षारता नव्हे) ८ ते ९ डीकेएच या एककात, नायट्रेट लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणायच्या मागे लागू नका. पार शून्य पाण्यात झोआ मिटून बसतात आणि डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर वाढतो. तो काढताना फार त्रास होतो.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सगळं सांगेन.

पेठेतला

फार दिवस असा धागा हवा होता. दोन प्रश्न. मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर घरातच ३४ अंश असतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतल्याशिवाय भागेल का? त्याची किंमत टाकीपेक्षा जास्त आहे. दुसरं, मुलीला निमो हवाय. टाकी अजून घ्यायचीच आहे, ४० लिटरचीच बघतोय.

मीठपाणी

पेठेतला, पाण्यावर तिरका वारा मारणारा छोटा क्लिपचा पंखा लावा आणि वरचं झाकण काढून जाळी बसवा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी ३ अंशांपर्यंत खाली येतं. ३४ च्या खोलीत तेवढ्याने पाणी ३१ लाच थांबेल, आणि झोआ-मश्रूमसाठी ते जास्तच आहे. माझं पाणी २५ ते २७ मध्ये असतं, मेमध्ये कधी २८. त्यामुळे टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. तळमजल्यावर किंवा उत्तरेच्या भिंतीला जागा असेल तर ती. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी ५ ते रात्री ११ लावा, म्हणजे दिव्याची उष्णता दुपारच्या उन्हात मिसळत नाही. एवढं करूनही ३० च्या खाली येत नसेल तर या घरात ही टाकी नको, असं मी स्पष्ट सांगेन.

निमोबद्दल: ४० लिटरमध्ये क्लाउनफिश मी ठेवणार नाही. तो वाढतो, खातो भरपूर आणि तेवढीच घाणही करतो. ७०-८० लिटरला जागा असेल तर आत्ताच तेवढी टाकी घ्या आणि टाकी स्थिरावल्यावर प्रजनन केंद्रात जन्मलेला मासा आणा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज उरलेली नाही. विकणाऱ्याला हा प्रश्न विचाराच.

खाडीपलीकडे

पंख्याचं गणित मुंबई-ठाण्याकडे तसंच चालत नाही. हवेत आधीच इतका दमटपणा असतो की पाणी उडत नाही आणि थंडही होत नाही. आमच्याकडे पंख्याने जेमतेम दीड अंश उतरतो, जूनमध्ये तेवढाही नाही. मी टाकी एसीच्या खोलीत हलवली. इकडच्या लोकांनी पुण्याचे आकडे धरू नयेत.

सांजभरती

मदत हवी आहे. टाकी ५० लिटरची, सुरू होऊन चार महिने झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, क्षारता ३५, तापमान २६. तरी हर्मिट एकामागून एक जाताहेत. आधी सुस्त होतात, शंखातून अर्धे बाहेर लोंबतात, मग संपतात. गोगलगायीसुद्धा काचेवरून गळून पडल्या. गोबी मात्र अगदी मजेत आहे. पाणी घरच्याच आरओचं, टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचा आकडा) ४५ येतो. काय चुकतंय कळत नाही आणि रोज एक बाहेर काढताना फार वाईट वाटतं.

मीठपाणी

सांजभरती ताई, आधी एक खात्री करा. बाहेर काढलेले खरंच मेलेले होते ना? हर्मिट कात टाकतो तेव्हा पाय, नांग्या, डोळ्यांच्या काड्या सगळं जसंच्या तसं वाळूवर पडलेलं दिसतं आणि खेकडा मेला असं वाटतं. उचलून बघा. कात हलकी, पोकळ आणि अर्धपारदर्शक असते, वास येत नाही. मेलेल्या खेकड्याचा वास लपत नाही. कात टाकण्याआधी तो काही दिवस खात नाही, कोपऱ्यात बसतो, आणि टाकल्यावर मऊ अंगाने लपून राहतो. त्या दिवसांत त्याला हलवायचं नाही.

पण गोगलगायीही गेल्या आणि मासा ठणठणीत, हे वाचून मला दुसरीच शंका येते. तुमच्या आरओमध्ये तांब्याची कार्ट्रिज आहे का?

सांजभरती

हो, आहे. ‘कॉपर’वालाच घेतला होता, सासूबाई तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात म्हणून. आणि कात नव्हती, वास येत होता.

मीठपाणी

मग कारण बहुतेक तेच. माणसाला पाण्यातलं थोडं तांबं चालतं, माशालाही बऱ्यापैकी चालतं. पण खेकडे, कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना अगदी थोडंही पुरतं. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, म्हणजे तांबं त्याला परकं नाही. पण पाण्यात विरघळलेलं वाढलं की ते कल्ल्यांवर घाला घालतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची कित्येक औषधंही तांब्याचीच असतात. मासा बरा होतो आणि त्याच टाकीतले हर्मिट मरतात, ते यामुळेच.

टीडीएस मीटरवर हे दिसत नाही. लिटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढं तांबं खेकड्याला भारी पडतं आणि मीटरच्या आकड्यात ते हरवून जातं. शिवाय ४५ टीडीएस म्हणजे बहुधा मेम्ब्रेननंतर तुमचं यंत्र चवीसाठी खनिजं किंवा साधं पाणी परत मिसळतंय. आपल्याकडच्या घरगुती आरओमध्ये हे सर्रास असतं.

आता करायचं काय:

तांब्याचं टेस्ट किट आणून टाकीचं आणि आरओच्या नळाचं, दोन्ही पाणी तपासा. तंत्रज्ञाला बोलावून मेम्ब्रेननंतर लगेच, कार्ट्रिजच्या आधी, वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार काढणारी) नळकांडी लावा. टीडीएसचा आकडा ० यायला हवा. त्या पाण्यात मीठ कालवून दर दोन दिवसांनी पाव टाकी बदला. फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि धातू शोषणारं रेझिन ठेवा. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू परत सोडतात, त्यामुळे किट सलग काही आठवडे शून्य दाखवेपर्यंत नवीन खेकडा आणू नका. उरलेले हर्मिट कुणाच्या चालू टाकीत नेता आले तर आजच न्या.

मीठ कालवायलाही तांब्या-पितळेचं भांडं नको. खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लास्टिकची बादली ठेवा, तीही फक्त याच कामाची. फरशी पुसायची बादली धुऊन घेतली तरी नको.

खाडीपलीकडे

यात एक भर. डासांचं लिक्विड मशीन. त्यात ट्रान्सफ्लुथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं असतात आणि कीटकांइतकीच ती खेकडे-कोळंबीवर चालतात, शेवटी दोघंही संधिपादच. एअर पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरा. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर पंप बंद, टाकी ओल्या चादरीने झाकलेली, आणि नंतर खिडक्या उघडून बराच वेळ हवा खेळू द्या. काच पुसायचा स्प्रे, परफ्यूम, धूप, सगळंच टाकीपासून लांब.

सांजभरती

किट आलं. आरओच्या पाण्यात तांबं आहे, टाकीतही आहे. उरलेले दोन हर्मिट ओळखीच्या एकांकडे पोचवले. मनापासून आभार, हे मला कुठल्याही दुकानदाराने सांगितलं नसतं. डास मशीनही त्या खोलीतून काढलं.

तळकोकणी

थोडं वेगळं मत मांडतो. आमच्या घरामागे कातळ आहे. ओहोटीला त्यातल्या डबक्यांत हर्मिट शेकड्याने असतात, आणि खडकाला चिकटलेले झोआही. मे महिन्यात दुपारी त्या डबक्यात हात घातला तर पाणी चटकतं. पावसात तेच डबकं गोडं होतं. तरी ते जगतात. मग २६ अंश आणि ३५ क्षारता याचा एवढा बाऊ कशाला? इथलेच चार खेकडे आणि एक दगड उचलून आणला तर तो दुकानातल्यापेक्षा काटक निघेल, आणि पैसेही वाचतील.

मीठपाणी

तळकोकणी दादा, प्रश्न अगदी योग्य आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुमच्या डबक्यात दुपारी पाणी तापतं हे खरं, पण साधारण साडेबारा तासांनी भरती येते आणि अख्खा अरबी समुद्र त्यावरून जाऊन येतो. उष्णता, जास्तीचं मीठ, घाण, सगळं निघून जातं. डबक्यातला ताण काही तासांचा असतो आणि त्यानंतर सुटका ठरलेली असते. टाकीत भरती येत नाही. तिथे ३२ अंश झालं की ते आठवडाभर ३२ च राहतं. शिवाय कातळावरचा खेकडा चालत सावलीच्या भेगेत जाऊ शकतो, ४० लिटरच्या काचेत सगळीकडे पाणी सारखंच.

दुसरं, कातळावरच्या जाती पिढ्यान्पिढ्या त्या चढउताराला सरावलेल्या आहेत. आपल्या टाकीतले बरेच फ्रॅग मूळचे तापमान आणि क्षारता फारशी न बदलणाऱ्या पाण्यातल्या प्रवाळ भित्तींवरचे. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंश-दोन अंश वर जाऊन तसंच राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०२४ मध्ये लक्षद्वीपला हेच मोठ्या प्रमाणावर झालं, आणि तिथे तर पाण्याला तोटा नव्हता.

उचलून आणण्याबद्दल: तुम्ही मालवणकडचे असाल तर १९८७ पासून तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. त्यातून काहीही उचलणं गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरच्या दगडावरही कोवळी दगडी प्रवाळाची चकती असू शकते, ती नुसत्या डोळ्यांना झोआपासून वेगळी ओळखू येईलच असं नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी सांगेन, नका आणू. तुमच्याकडे तो अख्खा कातळ आहे. ओहोटीच्या वेळी तासभर त्या डबक्याशी बसून जे दिसतं, ते आमच्या टाकीत कधीच दिसणार नाही. तुम्ही फोटो टाकलेत तर इथे सगळ्यांनाच हवे आहेत.

तळकोकणी

भरतीचा मुद्दा पटला, तसा विचार केला नव्हता. दगड नाही आणत. पण रिकामे शंख तरी न्यावेत की नाही? पुळणीवर ढीग असतो.

मीठपाणी

मोजके दोन-चार नेले तर चालेल असं म्हणणारे आहेत, मी नेत नाही. पुळणीवरचा प्रत्येक धड शंख हे कुठल्यातरी हर्मिटचं पुढचं घर असतं. मोठा खेकडा नवीन शंखात शिरला की त्याचा जुना मधल्याला मिळतो, मधल्याचा धाकट्याला. एक चांगला शंख उचलला की ती सगळी रांग थांबते. काही शंखांच्या जाती संरक्षितही आहेत.

टाकीत मात्र जास्तीचे शंख लागतातच, दर खेकड्यामागे दोन-तीन, आत्ताच्यापेक्षा थोड्या मोठ्या तोंडाचे. हर्मिटचं पोट मऊ आणि उजवीकडे वळलेलं असतं, कवच फक्त पुढच्या भागाला. शंख अपुरा पडला तर तो दुसऱ्या हर्मिटच्या शंखावर आपला शंख आपटत राहतो, आतला बाहेर येईपर्यंत. नाहीतर जिवंत गोगलगाय मारून तिचा घेतो. गोल तोंडाचे टर्बो आणि अर्धगोल तोंडाचे नेराइट दोन्ही ठेवा, काय आवडेल ते तोच ठरवतो. टाकीतल्या गोगलगायी म्हातारपणी मेल्या की त्यांचे शंख नुसत्या पाण्यात उकळून परत वापरता येतात. पर्यटनस्थळी विकतात ते रंगवलेले, पॉलिश मारलेले शंख अजिबात नकोत, ओला खेकडा त्या रंगाला चोवीस तास चिकटून राहतो.

आणि दुकानात जाळीच्या डब्यात कोरडे ठेवलेले मोठे हर्मिट दिसले तर ते जमिनीवरचे, सीनोबिटा. ते पाण्याखाली बुडून मरतात. त्यांना टाकीत सोडू नका.

निरगुडी

हर्मिट झोआ खातात का? माझा एक सारखा त्यांच्यावरच चढून बसतो आणि झोआ दिवसभर मिटलेले राहतात. आणि त्यांना सुका जवळा घातला तर चालेल का?

मीठपाणी

क्लिबानेरियस जातीचे लहान हर्मिट निरोगी झोआ खात नाहीत. ते मधलं शेवाळ आणि अडकलेला कचरा वेचतात, पाय लागला की झोआ मिटतात, थोड्या वेळाने उघडतात. दिवसभर मिटलेले असतील तर खेकड्याला दोष देण्याआधी रात्री टॉर्च घेऊन बघा, एखादी झोआ खाणारी नुडीब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) असू शकते. फ्रॅग सायनोअ‍ॅक्रिलेट जेलने (सुपरग्लू जातीच्या गोंदाने) दगडाला पक्का चिकटवा, नाहीतर खेकडे तो उलथा पाडतात. डार्डानससारखे मोठे हर्मिट मात्र खरोखर नासधूस करतात, लहान टाकीत ते नकोतच.

जवळा नको. तो खारवलेला आहे की नाही हे कळत नाही, आणि बारीक तुकडे दगडांत जाऊन कुजतात. ताज्या कोळंबीचा मुगाएवढा तुकडा धुऊन, आठवड्यातून दोनदा. शेवाळ संपलं असेल तर नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा) बोटभर कपटा दगडाखाली दाबून ठेवा, उरलेला संध्याकाळी काढा.

झोआंबद्दल एक धोक्याची सूचना, आणि ही कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. झोआ आणि विशेषतः त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. १९७१ मध्ये ते हवाईच्या माउई बेटावरच्या पॅलिथोआतून वेगळं केलं गेलं, आणि ज्ञात विषांतल्या सर्वात तीव्र विषांत त्याची गणना होते. फ्रॅग कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, हाताला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाणी ओतू नका, ब्रशने कोरडा घासू नका. वाफेतून ते फुप्फुसात जातं आणि अख्खं घर आजारी पडल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, लहान मुलांना तर हे शिकवूनच ठेवा.

निरगुडी

बापरे, हे माहीतच नव्हतं. मी नुसत्या हाताने हलवत होते. आजच हातमोजे आणते.

पेठेतला

टाकी ठरली, ७५ लिटर, मागच्या खोलीत, जिथे दुपारी २९ असतं. शेवटचा प्रश्न: दिवाळीत आम्ही आठ दिवस गावी जातो. मागे शेजारचे काका असतात, पण त्यांना यातलं काही कळत नाही. आणि वीज गेली तर?

मीठपाणी

आठ दिवस काहीच अवघड नाही. तरंगत्या स्विचवर चालणारं ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा आणि जायच्या दोन आठवडे आधीपासून चालू ठेवा, म्हणजे काही गडबड असेल तर तुमच्या समोर कळेल. त्याची गोड्या पाण्याची बादली एवढीच ठेवा की स्विच अडकून सगळं पाणी टाकीत आलं तरी टाकी सांडणार नाही आणि क्षारता ३२ च्या खाली जाणार नाही. ७५ लिटरला साधारण ६ लिटर. चौथ्या दिवशी काकांना ती परत भरायला सांगा, भरायचं पाणी बाटल्यांत भरून, वर ‘गोडं’ असं लिहून ठेवा.

हर्मिटना आठ दिवस खायला नको, शेवाळ पुरतं. मासा आणलात तर त्याच्यासाठी चिमूट चिमूट पुड्या बांधून द्या आणि डबा कपाटात कुलूपबंद करा. प्रेमाने जास्त घातलं जातं.

विजेसाठी बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप टाकीशेजारी लावून ठेवा. दिवे आणि फिल्टर तासभर बंद राहिले तरी चालतं, पाणी हलायचं थांबलं की मात्र प्राणवायू उतरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) टाका, त्याला ५-६ वॉट लागतात, रात्रभर निघेल. आणि काकांना सांगून ठेवा, लक्ष्मीपूजनाला खालून फटाक्यांचा धूर येतो तेव्हा त्या खोलीची खिडकी बंद.